मेश्रामकाकांचा मोकळा आठवडा

परवा आमच्या ऑफिसात एक गृहस्थ रिटायर झाले. केक कापला, भाषणं झाली. सगळे त्यांना एकच विचारत होते, की आता दिवसभर करणार काय? ते हसत म्हणाले, काहीच नाही, ठरवून काहीच नाही. टाळ्या पडल्या. मी केकची प्लेट घेऊन खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. मेश्रामकाका त्यांच्या निरोपाच्या जेवणाला जवळजवळ याच शब्दांत हेच म्हणाले होते, आणि तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होते.

वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल उपनगरातल्या आमच्या उतारावर काकांचं घर वर आणि आमचं खाली. मी घरून काम करते ती खिडकी त्यांच्या ड्राइव्हवेवर उघडते, त्यामुळे त्यांच्या रिटायर आयुष्याची मी साक्षीदार आहे असं म्हणायला हरकत नाही. काका मूळ नागपूरचे. तिकडे पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. पंचेचाळिसाव्या वर्षी बायको आणि दोन मुलं घेऊन इकडे आले आणि पुढची एकवीस वर्षं एका इंजिनिअरिंग कंपनीत सांडपाण्याच्या नळांची ड्रॉइंगं काढत राहिले. त्यांच्याबरोबर दुकानापर्यंत चालत गेलं, की ते मधेच थांबून बुटाने फुटपाथवर टकटक करत आणि सांगत, "इथून खाली मोठी लाइन जाऊन राहिली बरं का. तिचं वळण मी काढलंय." आपण कौतुकाने डांबराकडे बघायचं.

शीलाकाकू वृद्धाश्रमात काम करायच्या. त्यांची पाळी दुपारी अडीचपासून. काका सकाळी सातला बाहेर पडत आणि काकू परत येत तोवर ते झोपलेले असत. शनिवारीही काकूंची ड्यूटी असायची. नवरा-बायको दोघं एका वेळी जागे आणि घरात, असा दिवस म्हणजे रविवार, आणि रविवारी बुद्धवंदनेला कोणाच्या तरी घरी जायचं असे. वर्षानुवर्षं हे असंच चाललं. तक्रार कोणाची नव्हती. "रिटायर झालो की राहू ना एकत्र," असं काका म्हणत. काकूंची मागणी त्याहून लहान होती. त्यांना समुद्राकाठच्या एका घरात आठवडाभर जाऊन राहायचं होतं. तिथे कोणी हाक मारणार नाही, कोणाला आंघोळ घालायची नाही, कोणाचं ताट करायचं नाही. नेल्सनच्या बाजूला तशी घरं भाड्याने मिळतात हे त्यांनी कोणाकडून तरी ऐकलं होतं. दोघांनी एकाच महिन्यात नोकरी सोडली.

सहाव्या आठवड्यात, इथून बसने दिवसभराच्या वाटेवर असलेल्या हॅमिल्टनला त्यांच्या मुलीला, प्रज्ञाला, जुळे झाले. दिवस भरायच्या आधीच झाले, दोघंही हाताच्या ओंजळीएवढे. काकू तीन महिन्यांसाठी तिच्या घरी, तिथल्या रोटोटुनाला गेल्या. त्याच सुमारास इकडे सुनेला पूर्ण वेळाची नोकरी लागली आणि मुलगा प्रशांत, जो दोन गल्ल्या पलीकडे राहायचा, सहज म्हणाला, "बाबा, तुम्ही घरीच असता ना, मुलांना शाळेत सोडाल?"

"घरीच असता ना" हे तीन शब्द त्यानंतर मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकले, की पुढे पुढे ते मला काकांच्या नावाचाच भाग वाटायला लागले.

शाळेत सोडणं म्हणजे दोन नातवंडांना सोडणं, असं काकांना वाटलं होतं. पण इकडे एक चालती स्कूलबस असते. गल्लीतली मुलं रांगेने शाळेत चालत जातात आणि पुढे एक मोठं माणूस असतं. आठवडाभरातच ते मोठं माणूस काका झाले. पिवळंधमक जॅकेट, मागे अकरा मुलं, आणि समोरून वेलिंग्टनचा वारा. एकदा तर त्या वाऱ्याने एका मुलाचा प्रोजेक्ट उडवला. ज्वालामुखी होता, पुठ्ठ्याचा. काका त्याच्यामागे उतारावरून धावले आणि अकराही मुलं रांग न मोडता त्यांच्यामागे धावली, कारण रांग मोडायची नाही असं काकांनीच शिकवलं होतं. ज्वालामुखी डेअरीच्या, म्हणजे इकडच्या कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानाच्या, दारात सापडला. डेअरीवाल्या बाईने सगळ्यांना एकेक लॉली दिली, शाळेला उशीर झाला, आणि काकांना शाळेच्या ऑफिसात नेऊन उशिराच्या वहीत सही करायला लावली. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, "वारा."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या सहा वर्षांच्या नातीने, मैत्रीने, पोहण्याच्या वर्गाच्या दारात त्यांना सांगितलं, "आजोबा, यू फरगॉट माय टॉग्ज." टॉग्ज म्हणजे पोहायचे कपडे. काका घरी गेले, ते घेऊन आले, तर ते धाकटीचे नसून थोरल्याचे, सिद्धांतचे होते. पुन्हा गेले. त्या दिवशी त्यांनी तो चढ पाच वेळा चढला असं ते मला दारातूनच सांगत होते, कारण बसायला वेळ नव्हता.

मग त्यांनी आठवड्याचं ड्रॉइंग काढायला सुरुवात केली. वेळापत्रक असं ते म्हणत नसत, ड्रॉइंगच म्हणत. मोठ्या कागदावर, पट्टी लावून, त्या सुबक छापील अक्षरात. खाली उजव्या कोपऱ्यात चौकट. काढणार मेश्राम, तपासणार शीला, आणि शीला यांच्या सहीची जागा रिकामी. सोमवारी कागद फ्रिजवर चढायचा आणि बुधवारपर्यंत त्याची तिसरी आवृत्ती झालेली असायची. कारण तोपर्यंत कचऱ्याचे डबे आले होते. सहा घरांचे डबे रस्त्यावर आणायचे आणि परत न्यायचे, कारण ती घरं कामाला जाणाऱ्यांची होती. पलीकडचा ग्रॅहम सुट्टीवर गेला की त्याच्या मांजराला खायला घालायचं. काकांनी हो म्हटलं की ग्रॅहम "स्वीट ॲज, मेट", म्हणजे झकास, असं म्हणून निघून जायचा. नव्याने इकडे आलेल्या कोणाच्या तरी आईला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेऊन डॉक्टरचं इंग्रजी मराठीत आणि आईचं मराठी इंग्रजीत करायचं. बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाचा हॉल, खुर्च्या, माइक. आणि प्लंबर. प्लंबर सकाळी आठ ते दुपारी चारच्या दरम्यान कधीही येतो, आणि तोवर घरात कोणीतरी लागतं.

त्या यादीत मीही होते. इंटरनेटचा माणूस येणार होता आणि मला त्या दिवशी ऑफिसात जाणं भाग होतं. मी काकांना विचारलं. त्यांनी फ्रिजपाशी जाऊन, चष्मा वर करून कागद पाहिला आणि म्हणाले, गुरुवारी अकरा पंचवीस ते बारा दहा मोकळा आहे, त्याला तेवढ्यात यायला सांग. मी हसले. ते हसले नाहीत. मग त्यांनीच कशावर तरी रबर फिरवलं आणि म्हणाले, "जाऊ दे, ये तू जाऊन. बसतो मी." रबराने काय पुसलं ते मी विचारलं नाही. दुपारचं जेवण पुसलं होतं, हे मला फार नंतर कळलं.

"नोकरीत वर्षाला चार आठवडे रजा तरी होती," ते म्हणत. "आता अर्ज कोणाकडे करायचा?" हे ते गंमत म्हणून सांगायचे आणि लोक हसायचे. मीही हे वाक्य बऱ्याच पार्ट्यांमध्ये सांगून हशा मिळवला आहे.

काकूंचे तीन महिने सहा झाले, मग वर्ष झालं. जुळ्यांना एकामागून एक सर्दी व्हायची, एकाची बरी झाली की दुसऱ्याची सुरू. प्रज्ञा कामावर परतली, जावई आठवड्यातले तीन दिवस ऑकलंडला. काकू तिकडे पहाटेपासून कामात, काका इकडे. संध्याकाळी फोन व्हायचा तो दोन्हीकडे पोळ्या चालू असताना. ताप उतरला का, शाळेची सुट्टी कधीपासून, डबा सांडला, एवढंच. माझा एक भाबडा समज होता, की शाळेला सुट्टी लागली की काकांनाही लागत असेल. काका म्हणाले, सुट्टीत मुलं दिवसभर घरी असतात बेटा. शाळा असते तेव्हाच जरा श्वास मिळतो.

नेल्सनचं घर त्यांनी पहिल्या दोन वर्षांत तीनदा ठरवलं. पहिल्या वेळी जुळ्यांना कांजिण्या झाल्या. दुसऱ्या वेळी प्रशांतला कामासाठी सिडनीला जावं लागलं. तिसऱ्या वेळी सगळं जुळलं होतं, फेरीबोटीची तिकिटं काढून झाली होती, आणि प्रज्ञाच्या पाळणाघरवाल्यांनी तोच आठवडा बंद ठेवला. काकांनी घराच्या मालकिणीला फोन करून माफी मागितली. ती म्हणाली, काही हरकत नाही, माझ्याकडे हीप्स ऑफ रिटायर्ड लोक येतात, सगळेच असे बिझी असतात.

तायहापेची कल्पना काकांची. वेलिंग्टनहून उत्तरेला जाणारी बस आणि हॅमिल्टनकडून दक्षिणेला येणारी बस, दोन्ही दुपारी तायहापे नावाच्या लहानशा गावात जेवायला थांबतात हे त्यांनी शोधून काढलं. गाव म्हणजे एक लांब रस्ता, दोनचार कॅफे आणि पत्र्याचा एक अवाढव्य गमबूट. त्यांनी दोन्ही बसच्या वेळा एका कागदावर आखल्या. दोन रेघा एकमेकींना जिथे छेदत होत्या तिथे चाळीस मिनिटं होती. काकूंनी त्यांच्या बसने यायचं, काकांनी त्यांच्या. चाळीस मिनिटं बसायचं आणि मग बसची अदलाबदल करून जो तो आपापल्या घरी. शाळेतून मुलांना आणायचं तेवढं त्या दिवशी मी करीन, असं मी कबूल केलं.

परत आले तेव्हा मी त्यांना पहिल्यांदाच ड्राइव्हवेच्या मध्ये नुसतं उभं पाहिलं. काकूंनी ठेचा, सांडगे आणि डब्यात भरून भरीत आणलं होतं. काकांनी त्यांच्यासाठी नवे लोकरी मोजे आणि वाचायचा चष्मा नेला होता. पंचवीस मिनिटं जेवण्यात गेली, दहा मिनिटं जुळ्यांचे फोटो बघण्यात. उरलेल्या पाचांत काय बोललात, असं मी विचारलं. ते जरा वेळ आठवत राहिले.

"बस कुठली तुमची, माझी कुठली, हेच," ते म्हणाले. मग पुढे म्हणाले, "तिला विचारून घेतलं ती कुठल्या सीटवर बसली होती. येताना तिथंच बसलो. ऊब होती थोडी."

असं ते चार वेळा भेटले. पाचव्या वेळी जुलै महिना होता, म्हणजे इकडचा ऐन हिवाळा. वाटेतल्या डोंगराळ पठारावर बर्फ पडला आणि रस्ता बंद झाला. काकूंची बस पलीकडे तुरांगीला अडकली, काकांची तायहापेत. दोघं रस्त्याच्या दोन टोकांना, मध्ये दीडएक तासाचं अंतर. त्यांनी फोनवर बोलत बोलत आपापले डबे उघडले आणि एकमेकांसाठी आणलेलं खाल्लं. दोन्ही बस होत्या तिथूनच माघारी फिरवल्या. काका संध्याकाळी माझ्या दारात आले ते प्रशांतची मुलं न्यायला. मी म्हटलं, काका, फार वाईट झालं. ते म्हणाले, नाही, आज उलट जास्त बोललो, दीड तास झाला. गाडी सुटायची घाई नव्हती ना.

त्या दिवशी मला एकदम राग आला होता. प्रशांतचा, प्रज्ञाचा, सगळ्यांचा. मी मंदारला, माझ्या नवऱ्याला म्हटलं, या दोघांना कोणी सोडतच नाही. तो म्हणाला, आपणच परवा काकांना गॅसवाल्यासाठी बसवलं होतं.  पुढच्या महिन्यात पुन्हा बसवलंच.

चौथ्या वर्षी आठवडा मिळाला. खराखुरा, सोमवार ते सोमवार. त्यासाठी प्रशांत आणि प्रज्ञा, दोन्ही घरांनी रजा टाकली, कारण प्रज्ञाने एकदा आईला ओट्याशी उभ्या उभ्या झोपलेलं पाहिलं होतं आणि ती घाबरली होती. काकू विमानाने वेलिंग्टनला आल्या. दोघं फेरीबोटीने गेली. जाताना काकांनी त्या आठवड्याचं ड्रॉइंग मला दाखवलं. पूर्ण कोरं होतं. चौकट तेवढी आखलेली. मला इतका आनंद झाला, की मी त्यांना वाटेत खायला करंज्या करून दिल्या.

गुरुवारी ड्राइव्हवेवर टॅक्सी थांबली. दोघं परत आली होती.

काका पिशव्या आत ठेवून लगेच डब्यांकडे गेले, कारण दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी होती. काकू करंज्यांचा डबा परत द्यायला माझ्याकडे आल्या. मी विचारायच्या आधीच बसल्या. घर छान होतं म्हणाल्या, समोर समुद्र, अगदी जसं मनात होतं तसं. पहिल्या सकाळी दोघं सहाला उठली. काकांनी चहा केला, काकूंनीही केला, दोन भांडी भरून चहा झाला. काका म्हणाले तू बस, काकू म्हणाल्या तुम्ही बसा. मग काकांना फाटकाची कडी ढिली दिसली. ती त्यांनी बसवली. शेजारच्या घरचीही ढिली होती. तिसऱ्या दिवशी शेजारीण विचारायला आली, की तुम्ही घरी आहात ना, माझं एक पार्सल येणार आहे. काकू दुपारभर झोपून राहायच्या आणि उठल्या, की जुळ्यांनी दूध प्यायलं का हे विचारायला फोन करायच्या.

"भांडलात का?" मी विचारलं.

"छे. भांडायला काय पाहिजे ते तरी असावं लागते ना," काकू म्हणाल्या. त्या डब्याचं झाकण लावत, काढत होत्या. "चांगले आहेत गं ते. पहिल्यासारखेच आहेत. पण मला पाहुणे वाटून राहिले, मीनल. त्यांच्यासमोर पाय पसरून बसायला संकोच वाटला. इतकी वर्षं नोकरीत काढली, मग पोरांत. आता कुठून सुरुवात करायची ते दोघांनाही कळेना. शेवटी मीच म्हटलं, जाऊ आपण."

मी म्हटलं, एका आठवड्यात काय होतं काकू, पुन्हा जा. हळूहळू सवय होईल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते वृद्धाश्रमात, आता बरे होतील ना असं विचारणाऱ्या नातेवाइकांकडे त्या बघत असतील तसं.

"सवय लागायला दिवस लागतात," त्या म्हणाल्या. "ते कुठून आणायचे?"

शनिवारी त्या रोटोटुनाला परत गेल्या. तायहापेच्या भेटी त्यानंतर झाल्या नाहीत. बंद करू या असं कोणी म्हटलं नाही. काका तारीख काढायचे, काकूंना जमायचं नाही, काकू काढायच्या तेव्हा काकांकडे काही तरी असायचं. मला वाटतं, दोघांनाही त्यात थोडी सुटका होती, आणि ते कळल्याचं दुःखही असावं. पण हा माझा अंदाज.  काकांनी फक्त आणखी एका गल्लीची मुलं चालत्या बसमध्ये घेतली.

मग प्रशांतला ब्रिस्बेनला नोकरी लागली. इथली निम्मी माणसं जातात तसा तोही जायचा ठरला. मला क्षणभर आशा वाटली. मी काकांना म्हटलं, सुटलात काका, आता तुम्ही हॅमिल्टनला जा. घर भाड्याने द्या नि जा. ते तसे तीन आठवडे जाऊनही आले. प्रज्ञाचं घर लहान, जावयाचे आईवडील पुण्याहून आलेले, काका बैठकीच्या खोलीत सोफ्यावर. काकूंना दिवसभर मान वर करायला फुरसत नसायची. मदतीला गेलं, की काका प्रत्येक वस्तू चुकीच्या जागी ठेवायचे. तिकडची आवृत्ती वेगळी होती, असं ते मला म्हणाले, त्यात माझी रेघच नव्हती.

आणि प्रशांतने विचारलं. नवं शहर, नवी शाळा, सुनेलाही नोकरी मिळतेय. सहा महिने फक्त, बाबा. मुलं स्थिरावेपर्यंत.

काका मला हे सांगायला आले तेव्हा मी कॉलवर होते. मी कॅमेरा बंद केला. ते दारातच उभे राहून म्हणाले, "बदली झाली." पाटबंधारे खात्यात माणसं ज्या आवाजात सांगत असतील त्याच आवाजात. मी म्हटलं, तुम्ही नाही म्हणा. त्यांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "नाही म्हणून करू काय? इथं बसू? मला बसता येत नाही बेटा. नेल्सनला पाहिलं ना आम्ही."

मी त्यांना विमानतळावर सोडायला गेले. प्रशांत आणि सून पुढे गेली होती, सामान आणि मुलं काकांबरोबर जायची होती. त्यांच्या एका खांद्यावर मैत्रीचं दप्तर, दुसऱ्या हातात सिद्धांतची स्कूटर. सिद्धांत विमानं मोजत होता. सुरक्षेच्या रांगेआधी काका एका खांबापाशी थांबले आणि त्यांनी रोटोटुनाला व्हिडिओ कॉल लावला. काकू जुळ्यांना आंघोळ घालत होत्या. त्यांनी फोन घेतला, हो हो, एक मिनिट, असं म्हणून कुठेतरी पालथ्या बादलीवर ठेवून दिला असणार, कारण पडद्यावर बाथरूमचं पांढरं छत दिसायला लागलं. पाण्याचा आवाज येत होता, एक मुलगा रडत होता, काकू त्याला डोळे मिट म्हणत होत्या.

आमच्यामागची माणसं पुढे गेली. मी म्हटलं, काका, रांग सरकतेय. त्यांनी हात वर केला, थांब म्हणून. स्कूटर पायाशी टेकवून ठेवली आणि दोन्ही हातांनी फोन धरून ते त्या छताकडे बघत उभे राहिले.